गवत वाहणारे नऊ जण

"मग विचारलं कुणी, तर काय सांगायचं, बुवा? आम्ही काही केलंच नाही म्हणून?"

भिवजी खराडेचा आवाज चढला होता. रानवाटा आणि वेषांतर त्याला भवनपुरी गोसावीबुवांनीच शिकवलेलं. त्यांच्यापुढे तो असा कधी बोलला नव्हता.

काल भरदुपारी तो आणि त्याचे आठ गडी डोक्यावर गवताचे भारे घेऊन शत्रूच्या छावणीत शिरले होते. शिव्या खाल्ल्या, पाठीवर चाबूक खाल्ले, घोड्यांपुढे गवत टाकलं. शेवटचे दोन भारे मात्र दारूगोळ्याच्या गाड्यांखाली सारले. आत वात धुमसत होती.

डोंगर हादरला. छावणी उधळली. गडाला पडलेला चार महिन्यांचा वेढा दिवस मावळायच्या आत उठला, आणि नऊच्या नऊ जण जिवंत परतले.

"आणि लोक म्हणतात, देवी कोपली! दारू आपोआप पेटली!"

"पळाले ते काय म्हणतात?"

"तेही तेच म्हणतात."

"हं... ते पुढे कुठं तळ देतील, तिथं पुन्हा गवत कोण नेईल?"

भिवजीला मुद्दा कळला. पण चेहऱ्यावरचा राग काही उतरेना.

बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला गडावर नेलं.

दरवाजे सताड उघडे होते. हलगी कडकडत होती. बाया नदीवरून भरलेल्या घागरी आणत होत्या आणि निम्मं पाणी एकमेकींवर उडवत होत्या. एक म्हातारी लपवून ठेवलेला गूळ वाटत बसली होती. भिवजीला पाहून तिचा हात थबकला.

"काय रे दांडग्या, एवढा धडधाकट गडी तू! आम्ही इथं झाडपाला उकडून खात होतो, तेव्हा होतास कुठं?"

भिवजीच्या ओठांवर नऊही नावं आली...

त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा हलगीवाल्याकडे पाहत होते.

खाली दरीत छावणीच्या जागी नुसती राख होती. इथं ही म्हातारी त्याला दटावत होती, पोटभर, निर्धास्त. भिवजीच्या छातीत हसू दाटून आलं.

"झोपलो होतो, आजी."

"मेल्या!" म्हातारीनं कपाळाला हात लावला. सगळे खो खो हसले. भिवजी सगळ्यांत मोठ्यानं हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेव्हा बुवा म्हणाले, "त्याला गुळाचा मोठा खडा द्या, माय. झोपायला फार लांब गेला होता."