वेशीतले ओटे

सज्जनहो, फार पूर्वी, राजे पायी फिरत आणि प्रजा त्यांच्याशी निर्भयपणे बोलत असे, त्या काळी नदीकाठी एक नगर होते. नगराला एकच वेस होती; काळ्या दगडाची, उंच कमानीची. कमानीवर गणराय कोरलेले होते. बाहेर जाणारा त्यांना हात जोडी, परतणारा पुन्हा जोडी.

त्या नगराची एक रीत होती. देवाच्या कृपेने कोणाचे दुखणे हटले, हरवलेले माणूस घरी आले, की ते कुटुंब वेशीत एक दगडी ओटा बांधी. थकल्या वाटसरूने त्यावर घटकाभर टेकावे, एवढीच भावना. पिढ्यांमागून पिढ्या आल्या, ओट्यापुढे ओटा आला. कृपा अपार होती. वेस मात्र तेवढीच.

इकडे नगर वाढले. नव्या पेठा वसल्या, नदीपलीकडची शेते पिकू लागली. धान्याच्या गाड्या वेशीत अडू लागल्या. एके सकाळी रखमाजी विणकराची सून सगुणा बाळंतपणात अडली, म्हणून घरचे तिला गाडीत घालून सुइणीकडे निघाले. पुढे ज्वारीच्या गाड्या, मागे कडब्याच्या. बैल जागचे हलेनात. अखेर कमानीच्या सावलीत, गाडीतच तिला मुलगी झाली. दोघी वाचल्या, ही त्या दयाघनाचीच करुणा.

राजाला हे कळले तेव्हा तो कळवळला. त्याने आज्ञा दिली, “दसऱ्याच्या आत वेस पाडा. मोठी वाट करा.”

नगरात दोन तट पडले. वृद्ध म्हणाले, “आधी आमच्या अंगावरून गाडी न्या.”

“नेली असती, काका,” एक व्यापारी म्हणाला, “पण गाडी तुमच्यापर्यंत पोचली तर पाहिजे.”

राजाचा स्थपती पहारी घेऊन वेशीत आला, त्याच वेळी सगुणा बाळाला पोटाशी धरून आली. सोबत रखमाजी, मागे गाढवावर घडीव दगड. मुलीच्या जन्माचा ओटा बांधायचा होता.

स्थपती म्हणाला, “बाई, वेस आज पडायची आहे. आणि ओटा बांधणार कुठे? आणखी एक झाला, तर शेळीलाही तिरके होऊन जावे लागेल.”

लोक हसले. सगुणेने मात्र खरोखरच जागा शोधली. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग तिने विचारले, “मामंजी, यांतला आपला ओटा कोणता?”

“तो, भिंतीलगतचा. माझे आजोबा पटकीतून उठले तेव्हाचा.”

“तो काढू या.”

रखमाजी दचकला. “पोरी, देवाला दिलेले कोणी परत घेते का?”

“परत कुठे घ्यायचे? वाटसरूसाठीच दिले होते ना? त्या दिवशी वाटसरू मीच होते, मामंजी. मला बसायला जागा नको होती, जायला वाट हवी होती.”

 रखमाजीने ओट्यावर मस्तक टेकले आणि स्वतःच्या हाताने पहार लावली.

ओटा उचलला तशी खाली जुनी फरसबंदी दिसली. तिच्यावर भिंतीलगत चाकोरी उमटलेली होती. स्थपती खाली वाकला. त्याने चाकोरीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “येथून एके काळी दोन गाड्या शेजारून जात होत्या. मी मोजत होतो ते ओटे. वेस मी पाहिलीच नव्हती.”

मग दुसरे कुटुंब पुढे आले, मग तिसरे. कोणी डोळे पुसत दगड उचलला, कोणी देवाचे नाव घेत उचलला. वेस मोकळी झाली. राजाने येऊन गणरायांना हात जोडले आणि आपली आज्ञा मागे घेतली. ओट्यांच्या दगडांनी वेशीपासून नदीपर्यंतचा चिखलाचा रस्ता बांधला गेला. त्यात पहिला दगड सगुणेचा बसला, आणि पुढे तिची लेक चालायला शिकली ती त्याच दगडांवर.

तेव्हापासून त्या नगरात कोणावर कृपा झाली, की ते घर हातभर रस्ता नीट करते, आणि जाता-येता वेशीला हात जोडते.

तात्पर्य: पूर्वजांनी दिलेले कृतज्ञतेने जपावे आणि त्यावर आपण चढवलेले ओझे वेळीच उतरवावे, म्हणजे वारसाही टिकतो आणि वाटही मोकळी राहते.