खाडीतली वाट

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका गावात एक कोळीण राहत होती. ओहोटी लागली की ती चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, वेचायची. त्याच चिखलात रुतून तिचा नवरा गेला होता. म्हणून लेकीचा पाय तिने कधी चिखलाला लागू दिला नाही.

लेक काठावरच्या खडकावर बसे आणि आई सांगेल ते पाठ करी. चिखल चकाकतो तिथे पाय ठेवू नये. कुर्ल्या-खेकड्यांची बिळं दिसतात तिथली जमीन घट्ट असते. रुतलेला पाय हिसडू नये.

शेजारणी टोमणे मारत, "एवढी घोडी झाली, अजून काठावरच काय गो?"

कोळीण म्हणे, "तिला सगळं तोंडपाठ आहे."

एका दुपारी बाकीच्या बायका पाट्या भरून घरी गेल्या. कोळीण अजून चार तिसऱ्यांच्या आशेने मागे राहिली. लेक खडकावरून उतरली तर नाही ना, हे पाहायला तिने चालता चालता मान वळवली आणि तिचाच पाय चिखलात रुतला. आधी गुडघा, मग मांडी. तेवढ्यात भरती सुरू झाली.

लेकीने काठावर पडलेली होडीची जुनी फळी ओढत आणली. पहिलं पाऊल टाकलं आणि ती थबकली. इथे तर सगळाच चिखल चकाकत होता, आणि बिळं पाण्याखाली चालली होती.

"आये, कुठून येऊ?"

वाट कोळणीच्या अगदी ओठांवर आली. पण गेल्या उधाणाने खाडीचा तळ हलवला होता. रोजच्या वाटेनेच तिला फसवलं होतं. मागे फिर म्हणावं, तर लेक फिरणार नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पाणी कमरेला लागलं.

"माझं ऐकू नको, बाय. पायाला विचार. एक पाय घट्ट टेकल्याशिवाय दुसरा उचलू नको."

लेक निघाली. मधेच ती गुडघ्यापर्यंत रुतली. कोळणीने ओठ दाताखाली धरला, पण हाक मारली नाही. लेक फळीवर आडवी झाली, तिने पाय हळूहळू हलवत मोकळा केला आणि ती पुन्हा उठली. आता तिचा पाय थांबत होता, चाचपत होता, नको तिथून मागे येत होता. आईने कधी धरली नसती अशा वाकड्यातिकड्या वाटेने ती पोचली.

फळीवर पालथी पडून तिने आईच्या मांडीभोवतीचा गाळ हातांनी उकरला. पाणी कोळणीच्या छातीशी आलं, तेव्हा कुठे पाय सुटला. तिसऱ्यांची पाटी वाहून गेली. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. फळीला धरून दोघी काठाला लागल्या.

कोळीण लेकीच्या पायांचा चिखल धुऊ लागली. लेक म्हणाली, "राहू दे, आये. उद्या पुन्हा लागणारच आहे."

कोळणीचे हात थांबले.

तात्पर्य एवढंच: सांगितलेली वाट काठापर्यंतच सोबत करते, पुढची पायांनाच शिकावी लागते, म्हणून आपण जवळ आहोत तोवरच लेकरांना चिखलात उतरू द्यावं.