चांद्या वळूची वैरण

जनावरांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळची ही गोष्ट. वडझरी, पिंपळदरा आणि कुसगाव या तीन गावांत मिळून एकच कोंडवाडा होता. कायदा साधा होता: आत ज्या गावचं जनावर, वैरण त्या गावाची.

एकदा देवाला सोडलेला चांद्या वळू कुणाच्या तरी ज्वारीत शिरला आणि कोंडवाड्यात आला. अंगानं हत्ती, कपाळावर पांढरा चांद. तिन्ही गावांचे सरपंच दारात जमले.

"हा आमचा नव्हे," वडझरीचे गेनूअण्णा सगळ्यांत आधी म्हणाले.

"आमचा तर मुळीच नाही," बाकीच्या दोघांनी हात झटकले.

आधीच कोंडलेलं कुंभाराचं गाढव कळवळलं, "वळूदादा, उपाशी मरणार तुम्ही!"

चांद्यानं शेपटीनं माशी हाकलली. सात वर्षं तो तिन्ही गावांच्या गाईंत हिंडला होता. त्याला कसली काळजी?

"बरं, मी कुणाचाच नाही," तो म्हणाला. "पण तुमच्या तिघांच्या गोठ्यांत कपाळावर चांद असलेली वासरं आहेत ना? ती माझी. दार उघडा, त्यांना घेऊन मी आपला चालू लागतो."

सरपंचांची तोंडं बघण्यासारखी झाली. तिघंही घरी गेले आणि दिवस मावळायच्या आत कडब्याचे तीन भारे दारात येऊन पडले.

"आधी कुणाचा खाणार?" गाढवानं विचारलं.

"गेनूअण्णांचा," चांद्या म्हणाला. "सगळ्यांत आधी नाही म्हणाले ते. बघ, भाराही त्यांचाच सगळ्यांत मोठा आहे."