पुन्हा बिघडव

एका तालुक्याच्या गावी नरहर नावाचा एक घड्याळजी राहत होता. केसाएवढी बारीक स्प्रिंगसुद्धा तो चिमट्याने अलगद जागेवर बसवी. चूक त्याला खपत नसे. चूक राहिली तर घड्याळ चालत नाही, हे तो जन्मभर पाहत आला होता.

त्याची थोरली बहीण अक्का म्हातारपणी त्याच्याकडेच राहायला आली होती. दोघांचे जन्मगाव डोंगराच्या कुशीतले. पुढे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. एकदा चहा घेताना अक्का म्हणाली, "नरू, पूर्वी डोळे मिटले की आपलं गाव दिसायचं. आता नुसतं पाणी दिसतं."

नरहरच्या मनाला ते लागले. गावाचा एकही फोटो घरात नव्हता. मग त्याने जलरंगांची पेटी, ब्रश आणि जाड कागद आणले. शाळा सुटल्यापासून त्याने चित्र म्हणून काढले नव्हते. पण हिवाळ्यातल्या सकाळी गाव धुक्याने भरून जाई, तो देखावा त्याला काढायचा होता.

त्याने पट्टी लावून डोंगर आखला आणि आत निळा रंग नीट भरला. धुके मात्र चुन्याच्या भिंतीसारखे दिसू लागले. तेवढ्यात ब्रशमधून पाण्याचा थेंब अर्धवट वाळलेल्या रंगावर पडला. रंग बाजूला सरकला आणि तिथे दातेरी कडांचा डाग उमटला. नरहरने त्यावर रंगाचा थर दिला, मग आणखी एक. शेवटी नुसता चिखल झाला. असे पुष्कळ कागद वाया गेले. लाजेने तो ते कपाटाखाली सारून ठेवी.

झाडताना ते अक्काच्या हाती लागले. खिडकीशी बसून तिने एकेक कागद निरखला आणि एकाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"हे बघ, इथं आहे आपलं धुकं."

नरहरने वाकून पाहिले. खरेच, तिथे डोंगराचा निळा रंग खाली उतरता उतरता कागदात विरून गेला होता. कसे केलेस, असे अक्काने विचारले. मुद्दाम केले, असे म्हणायचे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण तो म्हणाला, "केलं नाही, अक्का. ते बिघडलं."

"मग पुन्हा बिघडव," अक्का म्हणाली.

त्याला हसू आले, पण ते बोलणे मनातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद केले की तो कागद बिघडवायला बसू लागला. कोरड्या कागदावर रंग ओढला तर तो रेघेवर अडून राही. चिंब कागदावर ओढला तर सैरावैरा पळे आणि डोंगरच नाहीसा होई. रंग अर्धवट वाळला असताना वर पाणी पडले, की तोच जुना दातेरी डाग! बंद घड्याळातली खोट सापडावी तसा नरहर खूश झाला. मग त्याने मुद्दाम तसले डाग पाडून पाहिले. कागद तिरपा धरून पाहिला. शेजारी विचारीत, कसले चित्र चालले आहे? तो सांगे, चित्र कुठले, अजून पाण्याचा स्वभाव बघतोय.

अक्काही कुतूहलाने जवळ येऊन बसे. ओल्या कागदाची चकाकी उतरली रे उतरली, की ती "आता" म्हणे. त्या घडीला टेकवलेला रंग थोडासा चाले आणि आपण होऊन थांबे.

थंडी पडू लागली तेव्हा चित्र पुरे झाले. वर डोंगराचा माथा स्पष्ट होता. खाली तो विरत गेला होता आणि त्याच्याही खाली कोरा कागद. तिथे ब्रश लावायचा धीर नरहरला झाला नव्हता. गावातले एक घरही आपण काढले नाही, अक्काला काय वाटेल, या विचाराने तो अवघडून उभा राहिला.

अक्का चित्रावर वाकली. मग तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवले. "इथं आपलं घर. त्याला लागून चिंच. धुकं उठलं की दिसेल."

तिने डोळे मिटले आणि कोणाच्या शेजारी कोणाचे घर, ते एकेक करून सांगू लागली. नरहर ऐकत बसला.

तात्पर्य: चूक झाकू पाहणाऱ्याच्या हाती डागच उरतो, ती कशी झाली हे शोधणाऱ्याच्या हाती कसब येते.