मेहरूनच्या कबरीवरचा सब्जा

"...मग माझ्याच मुलीच्या कबरीवर सब्जा का जळतो, बाबा?"

हकीम बदरुद्दीन उभ्यानेच विचारत होते. कब्रस्तानातल्या बाकी सगळ्या कबरींवर फकीर मिस्कीनशहांनी लावलेला सब्जा गुडघाभर वाढला होता. एकट्या मेहरूनच्या कबरीवर तिसरं रोप वाळून काडी झालं होतं.

मिस्कीनशहा खुरपं पुसत बसले होते.

"पाणी घालता?"

"मला सब्जा शिकवता? पानांचा रस मधातून दिला की खोकला सुटतो. कान ठणकला तर दोन थेंब कानात. उन्हाळी लागली की बी भिजवून सरबतात. चार पिढ्यांची हकिमी आहे आमची. पंचक्रोशीत माझ्या हातून एकही..."

पंचक्रोशी बरी झाली होती आणि त्यांची नऊ वर्षांची मेहरून पाच दिवसांच्या तापात गेली होती. तेव्हापासून हा माणूस एकदाही रडला नव्हता. भेटेल त्याच्यावर नुसता खेकसायचा.

"पाणी घालता का, एवढंच विचारलं मी."



फकिरांनी वाळलेलं रोप उपटलं. मुळाशी चिकटलेली माती चिमटीत घेऊन हुंगली, मग जिभेला लावली.

"सुंठ... मिरे... आणि मीठ?"

"सैंधव." हकीमसाहेबांची मान खाली गेली. "काढा आहे. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी, इथंच फातेहाची दुआ चालू असताना सुचला. चार दिवस आधी सुचला असता तर..."

"रोज घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. कोमट करून, अर्धी वाटी. लहान मुलांना तेवढाच देतात."

फकिरांनी वाळलेलं रोप बाजूला ठेवलं.

"गुण येईल, बाबा. या काढ्याला गुण यायलाच पाहिजे. मी पुन्हा पुन्हा पडताळून..."

मिस्कीनशहांनी खारट माती खरवडून बाजूला टाकली. नवी माती भरली, ओल्या फडक्यातलं एक रोप काढून लावलं. मग विहिरीच्या पाण्याचा लोटा हकीमसाहेबांच्या हातात दिला.

हकीमसाहेबांनी लोट्यात वाकून पाहिलं.

"नुसतं... पाणी?"

"नुसतं पाणी. पोरीचा ताप उतरलाय, हकीमसाहेब."