जास्वंदीएवढी लाली

फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही.

त्या राज्यात खोऱ्यात गोरी माणसं राहायची आणि डोंगरावर काळी. खोऱ्यात राजाचा मोठा दवाखाना होता. दाराशी जास्वंदीचं झाड होतं आणि एक रीतही होती. पहारेकरी फूल तोडून आजाऱ्याच्या गालाशी धरायचा. गाल लाल दिसला तर ताप आहे म्हणून आत, नाहीतर घरी. रीत घातली होती खोऱ्यातल्याच वैद्यांनी. त्यांच्या घरची माणसं तापली की लाल व्हायची ना!

आता काळ्या गालावर लाली दिसणार कशी? डोंगरातली माणसं तापानं मरायची आणि वैद्यबुवा कौतुकानं सांगायचे, "डोंगरकरी भारी काटक. त्यांना ताप म्हणून येत नाही."

एकदा झिपरी नावाची डोंगरातली बाई आपल्या तापलेल्या लेकीला, रानूला, पाठीशी बांधून दारात आली. पहारेकऱ्यानं फूल धरलं. "लाली नाही. ने घरी."

"दादा, हात तरी लावून बघा."

"तशी रीत नाही, बाई."

पोर डोळे उघडेना. झिपरी तडक ओढ्याकाठी गेली. तिथला लाल गेरू तिनं उगाळला, लेकीच्या गालांना फासला आणि परत आली. पहारेकऱ्यानं फूल धरलं आणि मुकाट्यानं दार उघडलं.

आत वैद्यबुवांनी ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, तर लाली फडक्यावर. ते भडकले. "मला फसवतेस होय गं?"

"गेरू खोटा आहे, बुवा. ताप खरा आहे. आता तरी हात लावा."

त्यांनी कपाळाला हात लावला. चटकाच बसला. बुवांची मान खाली गेली. त्यांनी स्वतःच्या हातानं काढा पाजला. संध्याकाळी रानूला दरदरून घाम फुटला आणि तिनं भाकरी मागितली. झिपरी तेव्हा कुठे रडली.

दुसऱ्या दिवशी अख्खा डोंगर गेरू फासून दारात हजर. आजारी, धडधाकट, म्हातारे, सगळ्यांचे गाल लालभडक. पहारेकरी हातात फूल घेऊन नुसता बघत राहिला. शेवटी वैद्यबुवाच बाहेर आले आणि एकेकाच्या कपाळावर हात ठेवत गेले. त्या गर्दीत खोऱ्यातला एक म्हातारा निघाला, तापानं पांढराफटक पडलेला. त्यालाही फुलानं परत पाठवलं होतं.

ती रीत त्या दिवशी मोडली ती कायमची. त्या वर्षी तापाची साथ आली, पण डोंगरावर कुणाच्या घरी रडारड झाली नाही. जास्वंद पुढेही फुलत राहिली. तिची फुलं मग देवाला जायची, आणि एखादं रानूच्या वेणीत.

तात्पर्य काय, तर दुखणं कातडीचा रंग विचारून येत नाही. औषधानंही तो विचारू नये.