गुडघ्यांवरचं समाजशास्त्र

मुलाखतीच्या काळजीनं माझी झोप उडाली होती. वसईतल्या आम्हा कॅथलिकांवर मी समाजशास्त्राचे लेख लिहिले होते, आणि त्यांवरच माझी प्राध्यापकपदाची बढती ठरणार होती. तपासायला येणार होते डॉ. रत्नपारखी, ज्यांचा आमच्यावरचा जाडजूड ग्रंथ सगळे प्रमाण मानतात! त्यात सासूबाई गावाला, म्हणून चार वर्षांची लेक जेनिटाही मुलाखतीला माझ्यासोबत.

"बाई, हे संशोधन नाही, घरच्या गप्पा आहेत," लेख बाजूला सारत सर म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं. "तुम्ही लिहिता, संध्याकाळी घरात रोझरीची जपमाळ चालू असताना आजोबा पेंगतात, पोरं चिमटे काढतात, डाळ करपते म्हणून सुना उठतात. मी वर्षभर वसईत घरोघरी जाऊन बसलो. सगळे गुडघ्यांवर, हात जोडून! एक माणूस हलला नाही."

"एकाही घरी नाही?" मी विचारलं.

"एकाही नाही!"

"मग सर, तुमचा ग्रंथ अगदी बरोबर आहे. फक्त नाव बदला, 'पाहुणे आल्यावरचे वसईकर'. तुम्ही उठून गेल्यावरचे वसईकर मी लिहिलेत."

मुलाखत समितीच्या अध्यक्षबाई खळखळून हसल्या. चिडलेले सर जेनिटाकडे वळले. "तू सांग बाळ, तुमच्या घरी सगळे गुडघ्यांवर बसूनच प्रार्थना करतात ना?"

जेनिटानं हात जोडले, डोळे मिटले. "हो."

संपलं! पोटच्या पोरीनंच मला बुडवलं.

तेवढ्यात तिनं एक डोळा उघडून मला मोठ्यानं विचारलं, "आई, पाहुण्यांना असंच सांगायचं ना?"